ठीक नसल्याची खूण

शाळेत असताना प्रत्येक धड्याच्या अखेरीस मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असे, "समजले ना?" आणि चाळीस कंठांतून एकच उत्तर येई, "समजले, गुरुजी!" त्या उत्तरावर विसंबून मी आयुष्यभर पुढचे पान उलटीत आलो. त्या चाळिसांपैकी खरोखर किती जणांना समजले असेल, याचा हिशेब मात्र मला सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही परमुलखात समुद्राच्या काठी, मांडावा लागला. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो. तीत माझा मोठेपणा यत्किंचितही नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने टोकिओस असतात. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या आरंभी जपानात लागोपाठ सुट्या येतात, तेवढ्या गाठून गेल्या वैशाखात आम्ही उभयता तेथे गेलो. चिरंजिवांनी बेत ठरवूनच ठेवला होता. सर्वांनी ओकिनावाकडील बेटांवर जावयाचे आणि तेथे स्कूबा करावयाची. स्कूबा म्हणजे श्वासाची हवा पाठीवर बांधून पाण्याखाली हिंडणे. स्वतः चिरंजीव, बारा वर्षांची नात आणि मी, अशा तिघांची नावे त्यांनी नोंदविली होती. सात वर्षांचा नातू या खेळास लहान, म्हणून त्याला घेऊन सूनबाईंनी आणि आमच्या कुटुंबाने काठावर बसावयाचे, असे आपोआपच ठरले होते. कोणी ठरविले, हे विचारू नये. एकत्र कुटुंबात अशा गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

ज्या घराण्यात माझ्या आजोबांच्या काळापर्यंत समुद्रयान हे कलिवर्ज्य मानले जात होते, त्यातील मी. समुद्रावरून जाणेही जेथे निषिद्ध, तेथे समुद्राच्या पोटात शिरण्याविषयी शास्त्रकारांनी काही लिहून ठेवले नाही, एवढाच आधार घेऊन मी होकार दिला. खरे सांगावयाचे तर मला मनातून फार हौस होती.

टोकिओहून ओकिनावाची राजधानी नाहा येथे विमानाने जावयास अडीच-तीन तास लागतात. तेथून जलद बोटीने पश्चिमेकडे सुमारे एका तासावर केरामा नावाचा द्वीपसमूह आहे. आम्ही उतरलो ते त्यांतील झामामी या बेटावर. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि ही बेटे सव्वीस अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या उंबऱ्याबाहेर जेमतेम अडीच अंश. इतक्या उत्तरेस पोवळ्यांची दाट वस्ती असावी याचे कारण कुरोशिओ हा समुद्रातील उष्ण प्रवाह. त्याच्या नावाचा अर्थ ‘काळा प्रवाह’. तो दक्षिणेकडची ऊब वाहून आणतो आणि भर हिवाळ्यातही येथील पाणी वीस अंशांखाली सहसा जाऊ देत नाही. पाणी इतके स्वच्छ की त्या निळाईस तेथे ‘केरामा निळा’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. 2005 साली येथील प्रवाळभूमीची नोंद रामसर करारान्वये झाली आणि 2014 साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला.

बेटावर पोहोचल्यावर आमच्या पुढे प्रथम पाणी आले नाही, कागद आला. बुडी शिकविणारी बाई त्याच बेटावर राहणारी, पस्तिशीची, मितभाषी होती. प्रकृतीविषयीच्या प्रश्नांचा एक तक्ता तिने प्रत्येकाच्या हाती दिला. तक्ता जपानी भाषेत. चिरंजीव सामानाच्या खटपटीत होते, म्हणून नात मला प्रश्न वाचून दाखवू लागली.

"आजोबा, वय पंचेचाळिसाच्या वर आहे का?"

"होय."

"आणि रक्तदाबाचा विकार आहे का?"

गेली नऊ वर्षे मी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. टोकिओस गेल्यापासून ती गोळी आणि पाण्याचा पेला माझ्या हाती देण्याचे काम या नातीनेच आपण होऊन पत्करले होते. मी म्हणालो, "नाही म्हणून खूण कर."

तिने एकवार माझ्याकडे पाहिले आणि ‘नाही’ या शब्दाभोवती नीटस वर्तुळ काढले.

मनाशी मी समर्थन तयार ठेवले होते. गोळी घेतल्यावर रक्तदाब ताब्यात असतो, ताब्यात असलेला विकार हा विकारच नव्हे, तस्मात् ‘नाही’ हे उत्तर असत्य नव्हे! न्यायशास्त्रातील हेत्वाभास मी एके काळी पाठ केले होते. स्वतःस फसविण्याच्या कामी त्यांचा इतका उपयोग होईल, असे मात्र वाटले नव्हते. तो प्रश्न निरर्थक नसतो, हे मला मागाहून कळले. मनुष्य पाण्यात बुडाला की हातापायांतील रक्त छातीकडे लोटते आणि हृदयावरचा भार वाढतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी उतरण्याचा धोका अधिक असतो.

दोनप्रहरी उथळ पाण्यात धडे सुरू झाले. या विद्येचा पहिला नियम ऐकून मी चमकलोच. श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही! पूरक, कुंभक आणि रेचक यांपैकी कुंभकाचा अभ्यास मी तरुणपणापासून करीत आलो. येथे तोच सर्वांत मोठा अपराध. कारण साधे आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेले की पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे एकूण दाब दुप्पट होतो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलने 1662 साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकतोच. तो उलटा लावून पाहावा. दहा मीटरांवर छातीभर श्वास घेऊन तो कोंडून धरला आणि तसेच वर आले, तर तीच हवा वाटेत दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुसाची पिशवी काही दुप्पट होत नाही. दीड-दोन मीटरांवरून असे वर येण्यानेही फुप्फुस फाटू शकते. म्हणून वर येताना श्वास सतत सोडीत राहावा. कमरेइतक्या पाण्यात डोके बुडवून बसलो असता सवयीने माझा कुंभक लागला. तोंडातील नळीतून निघणारे बुडबुडे थांबलेले पाहताच बाईंनी माझ्या छातीवर दोन बोटे आपटली.

दुसरा नियम कानांचा. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी खोली असून तेथून घशाकडे एक बारीक नळी जाते. खाली उतरू लागताच बाहेरचे पाणी पडद्यास आत दाबते. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे, म्हणजे घशातून हवा आत शिरून दाब सारखा होतो. हे दुखण्यापूर्वीच करावयाचे. दुखू लागल्यास थोडे वर यावयाचे आणि कान मोकळे होत नसतील तर त्या दिवसापुरते परत फिरावयाचे. बळजबरी करावयाची नाही.

तिसरा नियम खुणांचा, आणि तोच माझ्या या लेखाचा विषय आहे. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा सर्व व्यवहार हातांनी चालतो. अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून कडे केले की त्याचा अर्थ ‘मी ठीक आहे’. ही आपली ज्ञानमुद्राच म्हणावयाची! अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नव्हे, ‘वर चला’ असा. आणि तळहात आडवा धरून होडीसारखा डोलविला तर ‘ठीक नाही’, मग जेथे दुखत असेल तेथे बोट दाखवावयाचे. बाईंनी ही शेवटची खूण आम्हांकडून दहा-बारा वेळा करून घेतली. नातीने मला त्यांचे म्हणणे सांगितले ते असे, "ठीक असल्याची खूण सगळ्यांना चटकन येते. ही दुसरी येत नाही, म्हणून हिचाच सराव करावयाचा."

मग नात आणि चिरंजीव यांना घेऊन बाई दोन-तीन मीटर खोल पाण्यात उतरल्या. बाईंनी तीनदा विचारले, नातीने तिन्ही वेळा कडे करून दाखविले. बाहेर आल्यावर तिचा हात कानाशी होता. आजीने विचारले, तर म्हणाली, "ठीक आहे." रात्री मात्र ती उशीत तोंड खुपसून रडताना सापडली.

मी विचारले, "अगं, पाण्यात खूण का नाही केलीस?"

"मग मला उद्या येऊ दिले नसते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हीपण ‘नाही’च सांगितलेत ना, आजोबा?"

तिच्या बोलण्यात ठपका मुळीच नव्हता. तिला ते खरोखरच एका रीतीचे दोन प्रयोग वाटले होते. व्याकरणातील नियम आणि त्याचे उदाहरण असावे तसे! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी बेटावरील लहानशा दवाखान्यात तिला नेले. डॉक्टरांनी दिवा लावून कान पाहिला. पडदा लाल झाला होता, सुदैवाने फाटला नव्हता. तो पूर्ण बरा होईतो पाण्यात जावयाचे नाही, म्हणजे या मुक्कामात नाहीच. तेथून मी तिला घेऊन तसाच बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "काल आजोबांनी तुला खोटे लिहावयास लावले. आता तोच प्रश्न पुन्हा वाच." तिने तो वाचला आणि मी स्वतःच्या हाताने ‘होय’भोवती वर्तुळ काढले. बाई रागावल्या नाहीत. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावाचून नेता येणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले आणि कागद फाइलीत लावला. रागावले ते चिरंजीव. "अप्पा, निघण्यापूर्वी सांगितले असतेत तर टोकिओतच डॉक्टरांना दाखविता आले असते." हे म्हणणे बरोबर होते, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता दोन जागा रिकाम्या झाल्या. आमच्या कुटुंबाने शांतपणे म्हटले, "सूनबाई, तू का जात नाहीस? नातवाला मी सांभाळते."

चिरंजीव म्हणाले, "आई, तिला पाण्याची भीती वाटते."

यावर सूनबाई म्हणाली, "मला भीती वाटते असे कोणी सांगितले? मला कधी कोणी विचारलेच नाही."

पुढे जे बाहेर आले ते ऐकून आम्ही सारेच थक्क झालो. मुलगी पुण्यात असताना चार वर्षे तलावावर पोहत होती आणि शाळेतर्फे शर्यतीतही उतरली होती. तेरा वर्षे ती आमच्या घरात आहे, आणि हे घरात एकालाही ठाऊक नव्हते! कोकणात गेलो की आमचे कपडे आणि चपला सांभाळीत ती वाळूवर बसे. "तुला चालेल ना?" असे आम्ही विचारीत असू आणि ती "ठीक आहे" म्हणे. चाळीस मुलांचे "समजले, गुरुजी" मला त्या क्षणी आठवले.

त्या दिवशी सूनबाईंचे धडे झाले. दोनप्रहरी आम्ही उभयता गावामागच्या टेकडीवर चढलो. तेथे युद्धात गेलेल्यांचे स्मारक आहे. 26 मार्च 1945 रोजी अमेरिकन सैन्य याच बेटांवर प्रथम उतरले. शत्रूच्या हाती सापडणे मरणाहून वाईट, असे रहिवाशांच्या मनावर बिंबविले गेले होते, आणि केरामातील शेकडो माणसांनी कुटुंबेच्या कुटुंबे आपल्या हाताने संपविली. आम्ही हात जोडले आणि फारसे न बोलता खाली आलो.

दुसऱ्या दिवशी होडी निघाली. चिरंजीव आणि सूनबाई पाण्यात उतरली. मी आणि नात होडीतच राहिलो. तळाला काच बसविलेली एक लाकडी पेटी तेथील कोळी वापरतात, ती पाण्यावर टेकवून आम्ही खाली पाहत होतो. थोड्या वेळाने माणसे दिसेनाशी झाली आणि फक्त बुडबुडे वर येऊ लागले. मुलगी घाबरली असे पाहून मी तिला गणित घातले. टाकी 10 लिटरांची, तीत हवा 200 पट दाबून भरलेली, म्हणजे एकूण 2000 लिटर. (पुष्कळांचा समज असतो त्याप्रमाणे तो शुद्ध प्राणवायू नसून आपली साधी हवाच असते.) वरती मनुष्यास मिनिटाला सुमारे 20 लिटर हवा लागते, तर दहा मीटरांवर, दाब दुप्पट असल्याने, 40 लिटर. तेव्हा आईची हवा किती वेळ पुरेल? "पन्नास मिनिटे," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "पण सगळी संपवायची नसते. निदान पाव टाकी शिल्लक ठेवायची. म्हणजे साडेसदतीस." मग आम्ही दोघेही घड्याळाकडे पाहत बसलो. असा हिशेब 1943 पूर्वी सामान्य माणसाला करता आला नसता. त्या साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, मागाल तेव्हाच आणि मागाल तेवढीच, देणारी झडप सिद्ध केली. तेव्हापासून हा छंद घरगुती माणसांच्या आवाक्यात आला.

चौतिसाव्या मिनिटास डोकी वर आली. सूनबाईंच्या तोंडातून नळी निघताच जे बोलणे सुरू झाले ते रात्रीपर्यंत थांबले नाही. एक हिरवे कासव तळावरील गवत गाईसारखे चरत होते आणि यांच्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. सुळसुळणाऱ्या समुद्रफुलाच्या दंशाची पर्वा न करता नारिंगी मासे त्यातच घर करून होते. आणि पोवळी! ती झाडे नव्हेत, दगडही नव्हेत. ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न व रंग देते. पाणी फार दिवस जास्त तापले की हे बिऱ्हाड मोडते, शैवाल निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. ओकिनावाच्या समुद्रात 1998 आणि 2016 साली असे मोठ्या प्रमाणावर झाले. एके ठिकाणी सूनबाईंस तसा पांढरा तुकडा दिसला. तो हाडासारखा दिसत होता, असे ती म्हणाली.

मग तिने सहज सांगितले, "चार मीटरांवर माझा डावा कान दुखू लागला. मी हात डोलवून कानाकडे बोट दाखविले. बाई मला मीटरभर वर घेऊन गेल्या, आम्ही थांबलो, कान मोकळा झाला, मग पुन्हा उतरलो." तिने हे भाजीत मीठ कमी पडले होते असे सांगावे तितक्या सहजपणे सांगितले. नात तिच्याकडे टक लावून पाहत होती.

बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हेही येथे नमूद करतो. दाबाखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. एकच बुडी असेल तर निदान 12 तास आणि अनेक असतील तर 18 तास थांबावे, असा दंडक आहे. त्यामुळे शेवटचा दिवस आम्ही ओकिनावातील विशाल मत्स्यालयात काढला, आणि तेथे देवमाशाएवढा शार्क मासा मला कोरड्या कपड्यांनिशी पाहावयास मिळाला.

ज्या वाचकांस ही हौस असेल त्यांनी जपानास जावयास हवे असे नाही. आपल्या मालवण-तारकर्लीसही ही सोय आहे. मात्र कोठेही गेलात तरी प्रकृतीचा कागद निघण्यापूर्वी आठवडाभर घरी वाचावा, आवश्यक तर वैद्यांस दाखवावा आणि खरा भरावा. लहान मुलांकडून तो भरवून घेऊ नये. आणि काठावर कपडे सांभाळावयास कोणास बसवावयाचे, हे ठरविण्यापूर्वी त्या व्यक्तीस एकवार विचारून पाहावे.

आम्ही आता परत आलो आहो. रोज सकाळी नात दूरध्वनीच्या पडद्यावर येते आणि विचारते, "आजोबा, गोळी?" मी अंगठा व तर्जनी जुळवून दाखवितो. परवा रात्री डोके दुखत होते आणि सकाळीही ते उतरले नव्हते. बोटे सवयीने जुळू लागली होती, ती मी सोडविली, आणि तळहात आडवा धरून डोलविला. तिने पुढे काही विचारले नाही. "आजीला बोलवा," म्हणाली.